कुलपाला किल्ली लाव

यंदाच्या आंतर-हाऊस स्पर्धांमध्ये वादविवाद आणि प्रश्नमंजूषेच्या जोडीला संगणकावरचा साहस-खेळ तयार करण्याची स्पर्धा होती. प्रत्येक हाऊसचे पाच जण, शुक्रवार संध्याकाळ ते रविवार संध्याकाळ, म्हणजे ४८ तास. त्यातून परेड, मेस, प्रेप आणि झोप वजा. मी कोणत्याच संघात नव्हतो. पण चारही खेळ मी शेवटपर्यंत खेळलो, आणि असे करणारे आम्ही फार थोडे आहोत. परीक्षकांना प्रत्येक संघाने पाच मिनिटे पडद्यावर आपला खेळ दाखवला आणि त्यावर निकाल लागला. तो मला पटलेला नाही.

साहस-खेळ म्हणजे गोळीबाराचा खेळ नव्हे. तुम्ही एका अनोळखी जागी आहात, तिथे काही वस्तू आहेत, बाहेर पडायचे आहे, डोके चालवा. या प्रकारातला पहिला प्रसिद्ध खेळ विल क्राउदर या अमेरिकन प्रोग्रामरने १९७६ च्या सुमारास लिहिला. केंटकीतल्या मॅमथ केव्ह या गुहांचे नकाशे काढणाऱ्यांपैकी तो एक होता. त्या गुहा त्याने आपल्या मुलींसाठी शब्दांत उतरवल्या. पुढच्या वर्षी डॉन वुड्सने त्यात भर घातली, आणि मग एमआयटीतल्या चौघांनी मिळून ‘झॉर्क’ लिहायला घेतला. म्हणजे हा प्रकार सुरू झाला तोच हौशी लोकांपासून. म्हणून ‘मुलांनी केलंय, सांभाळून घ्या’ हे मला मान्य नाही. खेळ नीट खेळून त्यातली खोट सांगणे हाच करणाऱ्यांचा मान आहे.

पहिला क्रमांक मिळालेला खेळ बर्फातल्या चौकीवरचा आहे. चित्रे फार सुंदर. पण तिसऱ्याच पडद्यावर तीन वाटा येतात, त्यांतल्या दोन घेतल्या की मरण, आणि कोणती वाट कशी याची एकही खूण नाही. मरायला माझी हरकत नाही. नकाशावर समोच्च रेषा दाटीने आल्या की चढ उभा आहे हे आधीच कळते. मग तिथे दमछाक झाली तर दोष आपला. इथे नकाशाच कोरा. याला कोडे म्हणत नाहीत, लॉटरी म्हणतात.

अंतराळ स्थानकाच्या खेळात पाच खोल्या पाच जणांनी लिहिल्या हे खेळणाऱ्याला लगेच कळते. दुसऱ्या खोलीत टॉर्चची बॅटरी संपते आणि चौथ्या खोलीत तोच टॉर्च लख्ख पेटतो. कॅप्टन एका खोलीत पुरुष, दुसऱ्या खोलीत बाई. संघाने रविवारी दुपारी अर्धा तास एकत्र बसून खेळ एकदा खेळला असता तर पुरे होते.

तिसरा खेळ आपल्या देवनहळ्ळीच्या किल्ल्यावरचा. हा मला मनापासून आवडला. १५०१ साली मातीचा बांधलेला, हैदरअलीच्या काळात दगडी झालेला, आणि १७९१ मध्ये लॉर्ड कॉर्नवॉलिसच्या फौजांनी घेतलेला हा किल्ला. फौज यायच्या आत निरोप घेऊन बाहेर पडायचे, एवढीच गोष्ट. हा संघ आउटिंगच्या दिवशी वही घेऊन किल्ल्यात पावले मोजत फिरला होता. त्यामुळे पूर्वेच्या दरवाजातून शिरून पश्चिमेकडे जाताना दिशा चुकत नाहीत. पहाऱ्याची पाळी नगाऱ्यावर बदलते हे पहिल्याच पडद्यावर दिलेले आहे. ज्याने वाचले तो सुटतो, ज्याने घाई केली तो सापडतो. तक्रार एकच, वीस मिनिटांत संपतो.

आता चौथा, सगळ्यात शेवटी आलेला. हा एका ओसाड वाड्यावरचा मराठी खेळ. यात पर्यायावर बोट ठेवायचे नाही, मराठीत आज्ञा टाइप करायची. सादरीकरणात ‘कुलपाला किल्ली लाव’ असे टाइप केल्यावर संगणकाने विचारले, ‘कुलपाला म्हणजे काय?’ सगळे सभागृह हसले. पण हसण्याआधी जरा विचार करा. इंग्रजीत कुलपाचा शब्द कुठेही गेला तरी तसाच राहतो. क्राउदर-वुड्सच्या खेळाला दोन शब्दांची आज्ञा पुरे, आणि शब्दाची पहिली पाच अक्षरे तपासली की काम भागे. मराठीत ही युक्ती चालत नाही. कुलूपचे कुलपाला होते, विहीरची विहिरीत होते, पाणीचे पाण्यात, दिवाचे दिव्याने. नुसता शेपटाला प्रत्यय लागत नाही, शब्द आतूनच बदलतो. वर्गात आपण ‘सामान्यरूप’ दोन मार्कांसाठी पाठ केले. या मुलांना ते प्रत्येक वस्तूसाठी लिहून काढावे लागले, आणि दमून गेल्यावर नेमके कुलूप राहिले.

याउलट एक गोष्ट त्यांनी फार हुशारीने केली, जी परीक्षकांना दिसलीच नाही. ‘दोरीला बादली बांध’ म्हणा किंवा ‘बादली दोरीला बांध’, खेळाला दोन्ही समजते, कारण ते शब्दाची जागा बघत नाहीत, ‘ला’ कुठे आहे ते बघतात. माझा तुमकूरचा मित्र म्हणाला की कन्नडमध्येही प्रत्यय असेच चिकटतात, पुढच्या वर्षी आम्ही कन्नड खेळ करू. चारांपैकी दुसऱ्या कोणत्या खेळाने कोणाला असे काही सुचवले?

म्हणून माझी सूचना अशी. अशा मजकुरी खेळांची एक मोठी जागतिक स्पर्धा १९९५ पासून दरवर्षी भरते. तिथे खेळणारेच परीक्षक असतात. निदान पाच खेळ खेळून गुण द्यायचे आणि पहिल्या दोन तासांतल्या अनुभवावर द्यायचे. आपल्याकडे खेळच चार, तेव्हा चारही खेळावेत. आठवडाभर ते कॉम्प्युटर लॅबमध्ये ठेवावेत आणि आपले हाऊस सोडून बाकीच्यांना गुण द्यावेत. ‘हाऊसच्या दोस्तीत गुण वाटले जातील’ असे काही जण म्हणतात. जातील थोडे. पण पाच मिनिटांच्या सादरीकरणात चित्रांनाच गुण जातात, त्यापेक्षा हे बरे.

सत्र संपताना लॅबची यंत्रे साफ होतात, तेव्हा हे चार खेळ कुठेतरी जपून ठेवा, ही विनंती. वाड्याच्या संघाने दुरुस्ती केली आहे. कुलूप आता उघडते. विहिरीत उतरणार असाल तर मात्र आधी दोर बांधा. तो कुठे आहे हे पहिल्याच खोलीत लिहिलेले आहे.