पीडीएफ मागितली तर आरटीआयचं बिल किती?

आरटीआय अर्जाची फी १० रुपये, एवढं बहुतेकांना माहीत असतं. खरा खर्च नंतर येतो. केंद्राच्या २०१२ च्या नियमांनुसार झेरॉक्सच्या एका पानाला २ रुपये. म्हणजे ५०० पानांची फाइल मागितली की १,००० रुपये! कॉलेजातला मुलगा इथेच नाद सोडतो.

मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे माझी नजर वेगळ्याच ओळीवर गेली. याच नियमांत फ्लॉपीचा दर आहे, ५० रुपये. ईमेलने पाठवायच्या पीडीएफचा दरच नाही! फाइल आधीच कॉम्प्युटरवर असेल, तर कॉपी करायला खर्च जवळपास शून्य. मग पानामागे पैसे कशाचे?

कायदा मात्र तुमच्या बाजूने आहे. कलम २ इलेक्ट्रॉनिक स्वरूपात माहिती घेण्याचा हक्क देतं. कलम ७(९) म्हणतं, कार्यालयावर अवाजवी ताण येत नसेल तर मागितलेल्या स्वरूपातच माहिती द्या. म्हणून अर्जातच लिहा: ‘माहिती संगणकावर असल्यास पीडीएफ ईमेलने द्यावी.’ जादा फी मागितली तर तिचा हिशेब देणं कलम ७(३) नुसार बंधनकारक आहे. आणि मुदत उलटून गेली, तर माहिती फुकट द्यावी लागते.

माझ्या मते नियमांतली फ्लॉपी काढून तिथे ‘ईमेल: मोफत’ एवढंच लिहायला हवं.