परदेशी डबा आणि घरची कॉफी

नाताळ अथवा लग्नकार्य जवळ आले म्हणजे पांढुर्णा व सौंसर भागातील कुटुंबे खरेदीसाठी नागपूरची वाट धरतात. २०२३ साली पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला व सौंसर त्यात आले. कचेऱ्या जवळ आल्या, परंतु मोठी बाजारपेठ नागपूरच राहिली. तेथे परदेशी खाद्यपदार्थांच्या दुकानांत चीज, ऑलिव्हचे तेल, चॉकलेटे आणि कॉफीचे झगझगीत डबे मांडलेले असतात. पाहुण्यांपुढे परदेशी कॉफी ठेवली की घराची प्रतिष्ठा वाढते, असे पुष्कळांस वाटते. संत्र्या-कापसाचा पैसा हंगामातच हाती येतो आणि वर्षभर पुरवावा लागतो. म्हणून या समजुतीविषयी दोन शब्द लिहिणे आम्हांस अगत्याचे वाटते.

डबा परदेशी म्हणून आतील बीही परदेशी, असे नव्हे. इटलीची कॉफी जगभर नावाजलेली आहे. तथापि तेथे बिया बाहेरून येतात, भाजल्या जातात व दळल्या जातात. भारतात पिकणाऱ्या कॉफीचा बराच मोठा भाग परदेशी जातो आणि तिच्या मोठ्या गिऱ्हाइकांत इटली अग्रभागी आहे. तेव्हा कर्नाटकातील मळ्यातले बी इटलीची वारी करून, भारी किमतीने नागपुरास परत आले असल्यास नवल नाही. आपली संत्री दूरच्या बाजारात नागपुरी संत्री म्हणूनच खपतात, हे वाचकांस ठाऊक आहेच. पेटीवरचे नाव म्हणजे फळाची माती नव्हे. शिवाय आपल्याच सातपुड्यात, अमरावती जिल्ह्यातील चिखलदऱ्यास, कॉफीची लागवड होते, हे आपल्यापैकी किती जणांस माहीत असेल?

म्हणून डबा घेताना पुढील चित्रापेक्षा मागील बारीक अक्षरे वाचावी. कॉफीत चिकोरी मिसळलेली असेल, तर दोहोंचे प्रमाण छापणे कायद्याने बंधनकारक आहे. अशा मिश्रणात कॉफी निदान ५१ टक्के असावी लागते; म्हणजे २०० ग्रॅमच्या पुड्यात ९८ ग्रॅमपर्यंत चिकोरी असू शकते. चिकोरी हे एका झाडाचे मूळ असून ते आपल्याकडे गुजरातेतही पिकते. ती वाईट नव्हे. काहींना तिची चव आवडते. परंतु कॉफीचे दाम देऊन मूळ घेतो आहोत, हे घेणाऱ्यास कळले पाहिजे.

आयात मालावर आयात करणाऱ्याचे नाव, पत्ता व अन्न परवान्याचा क्रमांक असावा लागतो. हा मजकूर पुष्कळदा निराळ्या चिठ्ठीवर चिकटवलेला असतो. ही चिठ्ठीच नसेल, किंवा तिच्याखाली मूळ तारीख झाकली गेली असेल, तर तो डबा परत ठेवावा. माल समुद्रमार्गे येण्यात बराच काळ जातो. त्यामुळे ‘एकावर एक फुकट’ अशी पाटी दिसल्यास प्रथम मुदत पाहावी. दोन डब्यांची तुलना करताना शंभर ग्रॅमला काय पडते, याचा हिशेब करावा. घरातील शाळकरी मुलांस हे काम सांगावे. त्यांस वाचन येते आणि हिशेबही.

चांगली वस्तू आवडीने घेण्यात दोष नाही. परंतु उधारी करून आणलेला डबा कपाटात शोभेस ठेवावा आणि त्याच घरी मुलांच्या दुधात काटकसर व्हावी, हे शहाणपण नव्हे. पाहुणा डब्याचे नाव विसरतो. यजमानीणबाईंनी प्रेमाने पुढे केलेला ऊन पेला मात्र त्याच्या ध्यानात राहतो.