विश्लेषण : ‘कृपया प्रतीक्षा करा’, पण किती वेळ? सरकारी पोर्टलवरचे फिरणारे चाक नेमके काय सांगते?

नागपुरातील नेट कॅफे असो वा काटोल-नरखेडमधील सेतू केंद्र. अर्जाची शेवटची तारीख जवळ आली की पडद्यावर एक गोल चाक फिरत राहते. काम सुरू आहे, रांगेत आहे की बंद पडले, हे त्यातून कळत नाही. ही केवळ गैरसोय आहे, की त्यामुळे यंत्रणाही कोलमडू शकते?

ताजे उदाहरण कोणते?

राज्य सरकारने सप्टेंबर २०२५ मध्ये ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेसाठी ई-केवायसी बंधनकारक केली. दरमहा १,५०० रुपये मिळणाऱ्या महिलांची संख्या दोन कोटींहून अधिक. त्यातही लाभार्थी महिला आणि तिचे पती किंवा वडील, अशा दोघांच्या आधारची पडताळणी करायची होती. ओटीपी येत नाही, पोर्टल मंदावले, अशा तक्रारी राज्यभरातून आल्या. सुरुवातीला दिलेली दोन महिन्यांची मुदत नंतर ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत वाढवण्यात आली.

पडद्यामागे काय घडते?

‘सबमिट’ दाबल्यावर माहिती एकाच ठिकाणी जात नाही. पोर्टल आधार यंत्रणेला विचारते, तिथून ओटीपी मोबाइल कंपनीमार्फत येतो, तो तपासला जातो आणि मग राज्याच्या डेटाबेसमध्ये नोंद होते. लाखो लोक एकाच वेळी आले की प्रत्येक टप्प्यावर रांग लागते. ठरावीक सेकंदांत उत्तर न आल्यास मधला सर्व्हर जोडणी तोडतो आणि ‘टाइमआउट’ दिसते. मात्र जोडणी तुटली म्हणजे काम झाले नाही, असे नाही. नोंद झालेली असू शकते. फक्त ती झाल्याचा निरोप परत पोहोचलेला नसतो.

टक्केवारी का दाखवत नाहीत?

काम किती झाले हे दाखवणारी पट्टी दिसली की लोक प्रतीक्षा सहज सहन करतात, हे ब्रॅड मायर्स यांनी १९८५ मध्येच प्रयोगातून मांडले. जेकब निल्सन यांच्या सुप्रसिद्ध निकषानुसार दहा सेकंदांपुढे वापरकर्त्याचे लक्ष टिकत नाही. त्याला प्रगती दाखवावीच लागते. अडचण अशी की डेटाबेसला स्वतःलाच बाकी काम ठाऊक नसते. गोदामातली पोती मोजायची असतील तर किती मोजून झाली ते सांगता येते. पण दुसऱ्या गोदामातून कुलपाची किल्ली यायची असेल तर टक्केवारी कशाची सांगणार? ‘पोस्टग्रेस्क्यूएल’सारखा प्रगत डेटाबेसही व्हॅक्यूम किंवा इंडेक्स बनवणे अशा मोजक्याच कामांची प्रगती दाखवतो, साध्या शोधाची नाही. त्यामुळे अनेक ठिकाणी पट्टी ९९ टक्क्यांपर्यंत नुसतीच पळवली जाते आणि तिथेच थांबते. अशी खोटी पट्टी चाकापेक्षा वाईट, कारण एकदा फसलेला माणूस पुढच्या खऱ्या पट्टीवरही विश्वास ठेवत नाही.

पुन्हा पुन्हा बटण दाबल्यास काय होते?

याचे उत्तर ‘यूपीआय’ने दिले. १२ एप्रिल २०२५ रोजी देशभरात यूपीआय व्यवहार खोळंबले. काही बँकांकडून ‘व्यवहाराचे काय झाले?’ अशा विचारणांचा भडिमार झाल्याने यंत्रणेवर ताण आल्याचे राष्ट्रीय देयक महामंडळाच्या, म्हणजे ‘एनपीसीआय’च्या तपासणीत आढळले. त्यानंतर १ ऑगस्ट २०२५ पासून मर्यादा आल्या : अडकलेल्या व्यवहाराची स्थिती तीनदाच आणि दोन विचारणांमध्ये ९० सेकंदांचे अंतर ठेवून तपासता येते, शिल्लक एका अॅपवर दिवसाला ५० वेळाच पाहता येते. म्हणजे प्रगती विचारण्याचाही खर्च असतो. ती आपणहून सांगितली नाही, तर लोक विचारत राहतात आणि मंद यंत्रणा आणखी मंद होते.

उपाय काय?

टक्केवारी नसली तरी टप्पा सांगता येतो : ‘आधार पडताळणी पूर्ण, नोंद बाकी’. अर्ज आधी स्वीकारून लगेच पोच क्रमांक द्यावा, काम मागे रांगेत चालू द्यावे आणि निकाल एसएमएसने कळवावा. एकाच अर्जाचे बटण दोनदा दाबले तरी नोंद एकच व्हावी आणि जोडणी तुटल्यास शेवटच्या पूर्ण टप्प्यापासून पुढे जाता यावे, अशी रचना हवी. यातले काहीच नवे नाही. यूपीआयमध्ये ‘प्रलंबित’ ही स्वतंत्र अवस्था आहे. खात्यातून पैसे गेले पण समोरच्याला मिळाले नाहीत, तर ते किती दिवसांत परत यावेत आणि उशीर झाल्यास दिवसाला १०० रुपये भरपाई, हे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१९ मध्येच ठरवून दिले.

सर्वांत महत्त्वाचा प्रश्न कोणता?

पुराव्याचा. ई-पीक पाहणीत पीक नोंदले गेले नाही तर नुकसानभरपाई मागताना शेतकऱ्याची अडचण होते. ई-केवायसी राहिली तर बहिणीचा हप्ता धोक्यात येतो. ‘मी मुदतीत प्रयत्न केला होता’ हे दाखवायला तिच्याकडे फार तर स्क्रीनशॉट असतो. पोच क्रमांक मिळाला आणि त्यावरची वेळ हीच अर्जाची वेळ मानली, तर सर्व्हरच्या संथपणाचा भुर्दंड अर्जदारावर पडणार नाही. दर वेळी मुदतवाढ जाहीर करण्यापेक्षा हा नियम सोपा आणि न्याय्य आहे. तोवर नागरिकांच्या हाती एवढेच : ‘टाइमआउट’ दिसताच पुन्हा अर्ज भरण्याऐवजी आधी स्थिती तपासावी आणि दिसणारा प्रत्येक संदेश जपून ठेवावा.