'दॅन यू' आणि 'तुझ्यापेक्षा'

'माय हाऊस इज बिगर दॅन यू.' राजगडाच्या पायथ्याशी, गुंजवण्यातल्या एखाद्या पोरानं असं लिहिलं की लाल फुली ठरलेली. पण पोराचं डोकं बरोबर चाललेलं असतं! 'माझं घर तुझ्यापेक्षा मोठं' यातल्या 'तुझ्या'मध्येच मालकी आली. इंग्रजीत 'यू'मध्ये ती नाही, म्हणून 'युवर्स'. नाहीतर घराची तुलना थेट माणसाशी...

'मोअर हायर'चंही तेच. १४०३ मीटरचा तोरणा राजगडाहून 'जास्त उंच' म्हटलं तरी मराठीत 'उंच' शब्द तसाच राहतो. इंग्रजीत 'हाय'चा 'हायर' झाला की 'जास्त' त्यातच आलं.

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. मग फुली मारण्याआधी पोरांची मराठीच फळ्यावर फोडून का दाखवत नाहीत? पाच मिनिटांचं तर काम.