पायथन शिकू या : नग, दर आणि खर्ची

मागच्या अंकात आपण मजुरीचा हिशेब करणारा छोटा प्रोग्राम लिहिला. तो सुरू केला की एकेक प्रश्न विचारतो : नग किती, दर किती, खर्ची किती? एका कारागिरापुरते हे ठीक आहे. पण साकीनाका, कुर्ला, जोगेश्वरीकडच्या शिलाईच्या छोट्या कारखान्यांत हप्त्याच्या दिवशी दहा-बारा जणांचा हिशेब एकदम करायचा असतो. प्रत्येकासाठी तीन प्रश्नांची उत्तरे द्यायची आणि एक आकडा चुकला की पुन्हा पहिल्यापासून. अब्बांच्या मदतीला बसलेली बारावीची मुलगी दुसऱ्याच हप्त्याला पुन्हा वही काढेल, आणि त्यात तिचे काही चुकणार नाही.

यावर उपाय असा की आकडे प्रोग्राम सुरू करतानाच, त्याच ओळीत द्यायचे. यांना कमांड लाइन आर्ग्युमेंट म्हणतात. टर्मिनल उघडा आणि लिहा :

पायथन मजुरी.पाय ५०० ८ ४००

(पायथनचे स्वतःचे शब्द इथे देवनागरीत छापले आहेत, टाइप करताना ते रोमन अक्षरांतच हवेत.) पुढच्या कारागिरासाठी कीबोर्डवरचा वरचा बाण दाबा. तीच ओळ परत येते, फक्त आकडे बदलायचे.

हे आकडे प्रोग्रामला कुठे सापडतात? ‘सिस’ हे मॉड्यूल इंपोर्ट केले की ‘सिस.आर्ग्व्ही’ नावाची यादी मिळते. हे नाव जुन्या सी भाषेतून आले आहे. यादीत ०व्या जागी फाइलचे नाव असते, म्हणून आपला पहिला आकडा १ल्या जागी. आणि एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा : यादीतला प्रत्येक आकडा हा पायथनच्या लेखी मजकूर असतो. त्यामुळे ५०० आणि ४०० यांची बेरीज ९०० येत नाही, दोन्ही एकमेकांना चिकटून ५००४०० होतात. आधी ‘इंट’ने त्यांची संख्या करून घ्यावी लागते. दर साडेआठ असेल तर ‘इंट’ अडून बसेल, तिथे ‘फ्लोट’ वापरा. १,२०० असा स्वल्पविराम मात्र दोघांनाही चालत नाही.

एवढे केले की प्रोग्राम चालतो. बरीच पुस्तके इथेच थांबतात, पण खरा धोका इथून पुढे आहे.

वरच्या ओळीत ५०० नग, ८ रुपये दर आणि ४०० रुपये खर्ची आहे. ४००० मधून ४०० वजा, म्हणजे कारागिराच्या हातात ३६०० रुपये. आता घाईत पहिला आणि तिसरा आकडा उलटा पडला असे समजा : ४०० ८ ५००. प्रोग्राम निमूटपणे ३२०० मधून ५०० वजा करतो आणि २७०० दाखवतो. कसलीही चूक दाखवत नाही, लाल अक्षरे नाहीत. २७०० हा आकडा पाहून कुणाला शंकाही येणार नाही. आठवडाभर मशीनवर बसलेल्या माणसाचे ९०० रुपये गेले, आणि विचारायला आला तर उत्तर मिळणार, ‘कॉम्प्युटरने काढलंय’. वहीतल्या चुकीवर तो निदान बोट तरी ठेवू शकला असता.

म्हणून आकडे क्रमाने न घेता नावाने घ्यावेत. त्यासाठी पायथनबरोबरच ‘आर्गपार्स’ मिळते, वेगळे काही बसवावे लागत नाही. प्रत्येक आकड्यासाठी एक ओळ लिहायची :

पार्सर.ॲड_आर्ग्युमेंट("--नग", टाइप=इंट, रिक्वायर्ड=ट्रू)

तशाच दोन ओळी दर आणि खर्चीसाठी. आता हिशेब असा मागायचा :

पायथन मजुरी.पाय --नग ५०० --दर ८ --खर्ची ४००

क्रम हवा तसा फिरवा, उत्तर ३६०० च येईल. आकड्याच्या जागी भलतेच अक्षर पडले किंवा एखादे नाव राहिले, तर प्रोग्राम हिशेब न करता थांबतो आणि काय बिघडले ते सांगतो. ‘--हेल्प’ लिहिले की कोणकोणती नावे लागतात त्यांची यादी आपोआप छापतो. घरात दुसरे कुणी हिशेबाला बसले तर ती उपयोगी पडते.

खर्ची दिली नाही तर ० धरावी, अशी सोय ‘डिफॉल्ट’ने करता येते. माझ्या मते इथे ती करू नये. खर्ची घेतलीच नव्हती आणि खर्ची लिहायची राहिली, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घेतली नसेल तर ० हातानेच लिहावे.

‘नग’, ‘दर’ ही नावे मराठीत ठेवली ती हौस म्हणून नाही. पायथन ३ मध्ये देवनागरी नावे खरोखर चालतात, आणि ‘इंट’ला ५०० हा आकडा मराठी अंकांतही समजतो. विंडोजच्या जुन्या काळ्या खिडकीत काना-मात्रा जरा विस्कटलेल्या दिसतात, पण हिशेबाला त्याने काही होत नाही.

कारागिराचे नावही द्यायचे असेल तर पूर्ण नाव अवतरणचिन्हांत घाला, नाहीतर मधल्या मोकळ्या जागेमुळे नाव आणि आडनाव दोन वेगळी आर्ग्युमेंट होतात. पासवर्ड किंवा बँकेचा पिन मात्र अशा ओळीत कधीच लिहू नका. बाण दाबल्यावर जुनी ओळ परत येते ती तुमच्यानंतर बसणाऱ्यालाही दिसते.

टर्मिनलच नवे असेल त्यांच्यासाठी पवईच्या आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्यूटोरियल’ प्रकल्पाचे लिनक्सचे धडे मराठी आवाजात, मोफत आहेत. पुढच्या अंकात सगळ्या कारागिरांचे आकडे एका फाइलमधून वाचू. तोवर या हप्त्याचा हिशेब वहीत आणि प्रोग्राममध्ये, दोन्हीकडे करून ताडून पाहा.