गिरणगावची आठवण आणि आपले कर्तव्य

वरळीच्या बीडीडी चाळींच्या पुनर्विकासातून उभ्या राहिलेल्या इमारतींत ५५६ कुटुंबांना १४ ऑगस्ट २०२५ रोजी नव्या घरांच्या किल्ल्या देण्यात आल्या. १६० चौरस फुटांच्या खोलीत पिढ्यान्‌पिढ्या काढलेल्या माणसांना त्याच ठिकाणी ५०० चौरस फुटांचे घर मिळाले. त्याच्या महिनाभर आधी, ९ जुलै रोजी, आझाद मैदानावर गिरणी कामगार आणि त्यांचे वारस जमले होते. आम्हांला शेलू-वांगणीला पाठवू नका, मुंबईतच घरे द्या, ही त्यांची मागणी होती. या दोन्ही घटनांच्या मुळाशी एकच प्रश्न आहे. ज्यांच्या घामातून एखादी वस्ती उभी राहिली, त्यांना त्या वस्तीत राहण्याचा अधिकार आहे की नाही?

मुंबईतील पहिली कापड गिरणी ताडदेव येथे १८५६ साली सुरू झाली. पुढील शतकभरात परळ, लालबाग, भायखळा, वरळी या परिसराचे गिरणगाव झाले. कोकणातून आणि घाटावरून आलेला तरुण आपल्या गावकऱ्यांच्या खोलीत पथारी टाकीत असे. एक पाळी कामावर गेली की दुसरी तेथे झोपायला येई. त्याच्या जेवणाची सोय खाणावळवाल्या बायका करीत. याच बायकांना सावकाराच्या पाशातून सोडविण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले. भजनी मंडळे, व्यायामशाळा, शाहिरांचे फड, युनियनच्या सभा हे सारे त्या चाळींच्या आधाराने वाढले. गोव्याहून मुंबईस आलेल्या ख्रिस्ती तरुणांनी धोबीतलाव परिसरात ‘कूड’ चालविले, तेथील वेदीसमोर संध्याकाळी रोजरी म्हटली, त्यामागेही हीच प्रेरणा होती. परक्या शहरात गरिबाला तारणारी गोष्ट म्हणजे शेजार.

या गिरणगावच्या आठवणी अलीकडे पुष्कळ सांगितल्या जातात. भोंगा, चाळीची गॅलरी, गणपतीचे दिवस यांविषयी लिहिताना अनेकांचा कंठ दाटून येतो. ही हुरहुर खरी आहे. तिची थट्टा करू नये. परंतु आठवणही कधी कधी फसवी असते, हे पवित्र शास्त्र आपल्याला सांगते. रानात भटकणाऱ्या इस्राएल लोकांना मिसर देशातील काकड्या, कांदे आणि लसूण आठवले; तेथील गुलामगिरीचा मात्र त्यांना विसर पडला (गणना, अध्याय ११). गिरणगावातही कापसाच्या तंतूंनी छाती पोखरली जात होती, क्षयाने माणसे जात होती, सार्वजनिक नळावर आणि शौचालयापुढे रांगा लागत होत्या. चाळ पाडली म्हणून अश्रू ढाळणाऱ्याने प्रथम हे आठवावे. त्या अंधाऱ्या खोलीतून बाहेर पडण्याची इच्छा रहिवाशांची स्वतःची होती. त्यांना नको होता तो देशोधडीचा मार्ग.

दुर्दैवाने अनेकांच्या वाट्याला तोच आला. मानवी श्रमाला भांडवलापेक्षा अग्रस्थान आहे, असे सांगणारे ‘लाबोरेम एक्झर्सेन्स’ हे परिपत्रक पोप जॉन पॉल दुसरे यांनी १४ सप्टेंबर १९८१ रोजी प्रसिद्ध केले. त्यानंतर अवघ्या चार महिन्यांनी, १८ जानेवारी १९८२ रोजी, डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. त्या संपातून गिरणगाव पुन्हा सावरले नाही. यंत्रे थांबली आणि त्यांच्याखालची जमीन सोन्याच्या मोलाची झाली. गिरण्यांकडे सुमारे ६०० एकर जमीन होती. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीनुसार विकासासाठी खुल्या होणाऱ्या या जमिनीचा ढोबळमानाने एक तृतीयांश भाग मोकळ्या जागांसाठी, एक तृतीयांश सार्वजनिक गृहनिर्माणासाठी आणि उरलेला मालकांसाठी, अशी वाटणी अपेक्षित होती. २००१ मध्ये नियम बदलला. वाटणी केवळ रिकाम्या जमिनीची करायची, असे ठरले. ज्या जमिनीवर बांधकाम उभे होते, ती वाटणीतून सुटली. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये या बदलाच्या विरोधात निर्णय दिला. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २००६ मध्ये तो फिरविला. एका शब्दाच्या अर्थावर शहराची बागबगीचे आणि गरिबांची घरे कमी झाली. पुढे घरांसाठी दीड लाखाहून अधिक कामगारांनी व वारसांनी अर्ज केले. २०१२ पासून सोडती निघाल्या, पण घर लागलेल्यांची संख्या अर्जांच्या मानाने फारच थोडी आहे.

आज फिनिक्स मिलच्या जागी मॉल आहे. गिरणीची चिमणी तेथे शोभेसाठी जपून ठेवली आहे. चिमणी राखली गेली; तिच्या सावलीत राबणारा माणूस मात्र तेथे राहू शकला नाही. आठवण न्यायापासून वेगळी काढली की तिची अशी सजावट होते.

राजा अहाबाने नाबोथाकडे त्याचा द्राक्षमळा मागितला, तेव्हा त्याने चांगल्या मोबदल्याची तयारी दाखविली होती. नाबोथाने नकार दिला, कारण तो मळा त्याच्या वाडवडिलांचे वतन होता. जमिनीला बाजारभावापलीकडे मोल असते, हे राजाला उमगले नाही. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात हाच धागा पुढे नेला आहे. शहरातील माणसाला आपलेपणा देणाऱ्या सामायिक जागा व खुणा जपाव्यात, आणि गरिबांचे स्थलांतर अटळच असेल तर त्यांना पुरेशी माहिती द्यावी, योग्य पर्याय द्यावेत व निर्णयात सहभागी करून घ्यावे, अशी त्यांची शिकवण आहे. वरळीतील ५५६ किल्ल्या हे दाखवून देतात की त्याच जागी पुनर्वसन करणे अशक्य नाही. इच्छा असली तर मार्ग निघतो.

हा प्रश्न वसई धर्मप्रांताच्या उंबरठ्यावरही येऊन ठेपला आहे. गिरण्या बंद पडल्यावर मुंबईत राहणे न परवडणारी कितीतरी कुटुंबे पश्चिम रेल्वेच्या मार्गाने नालासोपारा-विरारला आली. आपल्या बागायती आणि विहिरी गिळणाऱ्या अनिर्बंध बांधकामांविरुद्ध फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली हरित वसई संरक्षण समिती लढली, आणि तो लढा न्याय्य होता. मात्र तो लढा जमीन विकून नफा कमावणाऱ्यांशी होता. नालासोपाऱ्याच्या वन-रूम किचनमध्ये येऊन राहिलेला माणूस स्वतःच एका उद्ध्वस्त शेजाराचा वारस आहे. त्याला ‘उपरा’ म्हणताना आपण अहाबाचा राग नाबोथावर काढत असतो. शिवाय आज आपल्या गावांतील जुनी घरे पाडून टॉवर उभे राहत आहेत. उद्या आपल्याच मुलांना या गावात घर घेणे परवडले नाही, तर तीही कोठेतरी उपरीच ठरतील.

म्हणून धर्मग्रामांनी काही गोष्टी आवर्जून कराव्यात. आपल्या परिसरातील वृद्ध गिरणी कामगारांना शोधून त्यांच्या तोंडून त्यांची कहाणी ऐकावी व लिहून ठेवावी, मग ते कोणत्याही धर्माचे असोत. त्यांच्या घरांच्या मागणीला उघड पाठिंबा द्यावा. आपल्या गावात पुनर्विकासाचा करार होईल तेव्हा तेथील भाडेकरूचे काय, हा प्रश्न सर्वांत आधी विचारावा. बाबिलोनच्या बंदिवासातील लोकांनी सियोनची आठवण सोडली नाही. पण ज्या नगरात तुम्हांला नेले आहे त्याचे हित साधा, असा निरोप देवाने यिर्मयामार्फत त्यांनाच धाडला. आठवण आणि शेजारधर्म, दोन्ही त्यांच्याकडून अपेक्षित होते. आपल्याकडूनही तेच अपेक्षित आहे.