टीव्हीखालचा सप्पळ

टीव्हीला जोडायचा संगणक घ्यायला गेलं की दुकानदार वेग सांगतो. कोअर किती, गिगाहर्ट्झ किती, रॅम किती. तो आवाज किती करतो, हे कुणी सांगत नाही आणि आपणही विचारत नाही. मे महिन्याच्या सुट्टीत इंदूरला अक्काकडे गेलो होतो, तेव्हा भाऊजींबरोबर सिल्व्हर मॉलमधली संगणकाची दुकानं दोन दिवस पालथी घातली, ती या एकाच प्रश्नासाठी.

अक्काचे सासरे, म्हणजे आप्पा, मागे दीडशे कॅसेटी ठेवून गेले. रेडिओवरून घेतलेल्या, घरगुती बैठकीत भरलेल्या. त्यात कुमार गंधर्व पुष्कळ. आपल्या सुळेभावीत 1924 साली जन्मलेला हा गवई क्षयाच्या आजारपणात माळव्यात गेला आणि 1992 मध्ये देवासलाच त्यांचा शेवट झाला. इंदूरच्या जुन्या मराठी घरांना देवास म्हणजे मागलं अंगण, 35-40 किलोमीटर. काही बैठकींत माईकजवळ बसलेल्या आप्पांचं गुणगुणणंही उमटलंय, अगदी हळू. अक्काच्या सासूबाईंना, अव्वांना, ऐकायचं असतं ते तेवढंच. घरातल्या जुन्या संगणकावर ते लावलं की त्या म्हणत, "इदेन सप्पळ?" दिवसा छताच्या पंख्यात ती घरघर बुडून जाते. रात्री गारवा सुटला, छताचा पंखा बंद केला, की टीव्हीखालचा तो टीचभर पंखा खोलीभर ऐकू येतो. आप्पांचा आवाज नेमका त्याच्याखाली गाडला जायचा.

पंखा का लागतो? उष्णतेमुळे. म्हणून सुरुवात प्रोसेसरपासून. साध्या डेस्कटॉपचा प्रोसेसर 65 वॅटचा असतो. इंटेलचा 2023 मध्ये आलेला एन100 हा 6 वॅटचा. तो मदरबोर्डवरच बसवलेला मिळतो आणि काही बोर्डांवर त्याच्या डोक्यावर पंख्याऐवजी नुसती अॅल्युमिनियमची पट्ट्यापट्ट्यांची टोपी असते. टायपिंग, गाणी, सिनेमा यांना तो पुरतो, एच.265 आणि एव्ही1 या पद्धतीनं दाबलेली चित्रफीतही तो न दमता उलगडतो. वेगळं ग्राफिक्स कार्ड घेऊ नका. पैसा जातोच, वर आणखी एक पंखा घरात येतो. रॅम 8 जीबी बास.

दुसरा चोर पॉवर सप्लाय. त्याच्याही पोटात पंखा असतो, हे बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. कमी वॅटच्या बोर्डाला लॅपटॉपसारखा बाहेरचा अडॅप्टर चालतो. मात्र तसा बोर्ड मागून घ्यावा लागतो.

डिस्कचं गणित भाऊजींनी कागदावर मांडलं. सीडीच्या दर्जानं 90 मिनिटांची एक कॅसेट सुमारे 950 एमबी, म्हणजे दीडशे कॅसेटी 143 जीबीच्या आसपास. मग फिरणारी, कुरकुरणारी मोठी हार्ड डिस्क कशाला? 500 जीबीची एसएसडी घेतली. तिच्यात हलणारं काहीच नाही.

पंखा मुळीच नको, असा भाऊजींचा हट्ट होता. मी अडवलं. इंदूरच्या मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो आणि आपण तो डबा टीव्हीच्या बंद कपाटात कोंबणार! म्हणून थोडी मोठी कॅबिनेट आणि 120 मिलिमीटरचा एकच पंखा, तोही मंद फिरवलेला. लहान पंख्याला तेवढीच हवा ढकलायला गरगरावं लागतं, म्हणून तो किंचाळतो. खाली रबराचे पाय, कपाटाची मागची फळी काढलेली. भाऊजींनी 25,000 रुपयांची मर्यादा घातली होती, त्यात बसलं.

ज्यांना नुसत्या मालिका आणि ओटीटीवरचे सिनेमे बघायचेत त्यांनी या भानगडीत पडू नये. टीव्हीच्या मागे खोचायची स्टिक स्वस्त आणि मुकी असते. हा खटाटोप घरात स्वतःचा साठा असणाऱ्यांसाठी.

दीडशेपैकी साठ कॅसेटी उतरवून झाल्यात. काहींची फीत चिकटलीय, त्या हलक्या हातानं सोडवाव्या लागणार. एक प्रत अव्वांच्या कपाटातल्या डिस्कवर आहे, दुसरी मी बेळगावला आणलीय.